बर्फावरल्या पाळण्याचा ब्रेक

।। श्री बिरोबा प्रसन्न ।।

मु. पो. कवठे येमाई, ता. शिरूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. अक्षदा हिला मल्हारी मास्तरचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकली असशील. म्हणशील, म्हातारा हाय म्हणायचा अजून! हाय बाई, हाय. गुडघे कुरकुरत्यात, पण गडी चालतोय. तुझा जुना फोन लागंना. परवा शिरूरच्या मार्केट यार्डात तुझे आप्पा, पोपटराव, झेंडूची क्रेटं उतरवताना दिसले. मी आधी एका टेम्पोच्या आड झालो. मग म्हणलं, हे काय चोरासारखं! फुडं जाऊन रामराम घातला आन् तुझा पत्ता मागितला. त्यांनी बिलाच्या मागं लिवून दिला, वर चहा पाजला. "मास्तर, पोरगी तुमचं लई नाव काढती," म्हणले. तो चहा मी अर्धाच टाकून उठलो.

दौंडला तुझ्या दादाकडं, भारतकडं राहतीस आन् ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसतीस असं कळलं. बरं हाय. काम कुठलं बी वाईट न्हाई. पण पाबळला हातानं वेल्डिंग शिकलेली, मग मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली पोर काउंटरवर फिल्टर मोजतीय, हे काय मनाला पटत न्हाई.

मी ऑगस्टअखेर रिटायर झालो. कंपनीनं शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरलं घड्याळ दिलं. आपल्या हनुमंत साहेबांनी भाषण केलं, म्हणले, कोळपे मास्तरांच्या हातात देव हाय. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. घड्याळ अजून खोक्यातच हाय. तुझी काकू, कुशाबाई, रोज म्हणती टांगा की ते, मी म्हणतो खिळा न्हाई. एकतीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाच्या घरात खिळा न्हाई! ती आता विचारायची थांबली.

आता गंमत ऐक. रिकामं बसवंना म्हणून मी शेतात लिफ्ट उभी केली. हसू नगस. आपलं गवत खाली ओढ्याकाठी आन् गोठा वर टेकाडावर. कुशाबाई डोक्यावर भारा घेऊन चढायची. मी भंगारातनं दोन पुल्या आणल्या, एक खाली, एक वर. विहिरीवरची जुनी मोटर जोडली, गोल दोरी फिरवली आन् दोरीला चार पाट्या टांगल्या. खालनं ती गवत भरती, वर मी उतरून घेतो. मेंढरं बी सुरुवातीला बुजली, आता मान वर करून बघत बसत्यात. वाडीवरची माणसं म्हणत्यात, मल्हारीला म्हातारचळ लागला.

हे याड डोक्यात कुणी घातलं? तूच की. मधल्या सुट्टीत आम्ही पत्ते कुटायचो आन् तू डबा खाता खाता मोबाईलवर वाचत बसायचीस. एक दिस म्हणलीस, "मास्तर, आपण ज्या स्की लिफ्टचे ब्रेक बनवतो, ती पहिली कुणी बनवली ठाऊक हाय का?" कुणाला ठाऊक! आम्हाला निस्तं ड्रॉइंग कळायचं. नऊ वर्षं ब्रेक बनवत हुतो आन् ते कशाला लागत्यात तेच बघितलं नव्हतं. तू व्हिडिओ दाखवलास तवा कळलं, की बर्फाच्या डोंगरावर माणसं खुर्चीत बसून दोरीला लटकत वर जात्यात आन् पायाला फळ्या बांधून घसरत खाली येत्यात. लेथवरला हौसराव म्हणला, "घसरायचंच हाय तर वर जात्यात कशाला!"

मग रोज एक गोष्ट. ती जर्मनीतली मला अजून तोंडपाठ हाय. १९०८ साल. डोंगरातल्या एका खेड्यातला खानावळवाला, विंटरहाल्डर. त्याच्याकडं येणाऱ्या पाव्हण्यांना चढ चढवंना. गड्याजवळ पाणचक्की हुती. त्यानं चक्कीला दोर जोडला, खांब ठोकले, आन् दोराला धरून पाव्हणं वर! मोठ्या गावांना इकायला गेला तर कुणी घेतली न्हाई. पुढं लढाई लागली आन् लोखंड पाहिजे म्हणून ती लिफ्ट मोडून नेली. मला त्या गड्याचं लई वाईट वाटलं हुतं. आपल्यातलाच कुणी वाटला.

आन् ती केळ्याची! अमेरिकेतल्या रेल्वे कंपनीचा इंजिनिअर, त्यानं जहाजावर केळीचे घड चढवायची आकड्यांची दोरी बघितलेली. म्हणला, घडाच्या जागी खुर्ची लावू. बर्फ नव्हता तर ट्रकला खुर्ची टांगली आन् चाकाचे बूट घातलेल्या माणसाला उचलून बघितलं. ती पहिली खुर्चीची लिफ्ट, १९३६ सालची. त्यावर हौसराव म्हणला, "म्हंजी आपण केळ्याचा ब्रेक बनवतोय व्हय!" सगळं शेड हसलं हुतं. फ्रान्सची कंपनी, ऑस्ट्रियाची कंपनी, ज्यांची नावं आज सगळ्या जगातल्या डोंगरावर हायत, त्या बी असल्याच लहान कारखान्यातनं निघाल्या, असं तू सांगायचीस. "आपलं बी पत्र्याचं शेडच हाय, मास्तर," म्हणायचीस. तुझे डोळे चमकायचे तवा.

तर आपली ही ओढ्याची लिफ्ट. चालती झकास. फक्त मोटर बंद केली की भरलेल्या पाट्या मागं घसरत्यात. मी दोरीत बांबू अडकवतो. परवा कुशाबाई म्हणली, "जन्मभर ब्रेक बनवलं, आन् घरच्याला का न्हाई?" मी तिच्यावर असा खेकसलो की मेंढरं पळाली. का ते तिला कळलं न्हाई.

त्या डिसेंबरात जे झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नगस. तुझ्यात काय खोट न्हाई, हे मला ठाऊक हाय. अजून लिवायचं हुतं पण पान संपलं.

कुशाबाईनं आशीर्वाद सांगितलाय. खुशाली कळव.

तुझा,
मल्हारी मास्तर

——

दौंड
शुक्रवार, ३० जानेवारी २०२६

ती. मास्तरांना अक्षदाचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं आणि दुकानातच वाचलं. वाचताना इतकी हसले की मालक म्हणाले, काय लॉटरी लागली का? तुमची ओढ्यावरची लिफ्ट मला बघायचीच आहे. मेंढ्या मान वर करून बघतात, हे तर मी दादाला दोनदा वाचून दाखवलं.

माझं बरं चाललंय. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडे बघतं, मग आत बघतं आणि विचारतं, "माणूस कुठंय?" मी म्हणते, मीच माणूस, बोला कुठलं बेअरिंग पाहिजे. बेअरिंग हातात घेऊन आवाजावरून गेलंय का ते सांगितलं की गप होतात. हे तुमचंच शिकवणं.

मास्तर, एक काम आहे. तुमचं पत्र नेमकं आत्ता आलं, म्हणून सांगायचं धाडस करते. हिमाचलात एक नवीन स्की लिफ्ट उभी राहतेय. तिच्या देखभालीच्या टीमसाठी मी अर्ज केला होता. त्यांनी बोलावलंय! २४ फेब्रुवारीला पुण्यात मुलाखत आहे. इतक्या अर्जांत लिफ्टच्या ब्रेकवर काम केलेली मी एकटीच असणार. पण जुन्या कंपनीचं पत्र मागतात, आणि माझ्या पत्रावर लिहिलंय, "तपासणीतील निष्काळजीपणामुळे सेवा समाप्त." ते वाचून मला कोण ब्रेकला हात लावू देईल? तुम्ही तुमच्या सहीनं दोन ओळी लिहून द्याल का? पोरगी कामाला बरी होती, एवढंच. खोटं काही नको.

खरं सांगू का, मला अजून कळत नाही, ब्रेकच्या आतल्या लायनरवर ते तेल आलं कुठून. मी त्या दिवशी हात धुतले होते. दोनदा. जेवल्यावर साबणानं, आणि लायनर तपासायच्या आधी परत. निदान मला तसं आठवतं. पण इतक्यांदा आठवलंय की आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. हनुमंत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरींच्या डोक्याचं तेल असेल, बोट फिरवतात केसांतून," आणि सगळं शेड हसलं. एकटे तुम्ही हसला नाहीत. ते मी विसरलेले नाही. "पोर नवी हाय, होतं असं," म्हणालात, तेवढाच मला आधार वाटला.

तेव्हापासून मी केसांना तेल लावलेलं नाही. आई ओरडते, म्हणते केसांचा पार झाडू झाला. पण हात डोक्याकडे गेला की मला ती लिफ्टची, न थांबता पुढे गेलेली खुर्ची दिसते. चाचणीच्या वेळी खुर्च्यांत पाण्याचे कॅन होते म्हणून बरं. माणसं असती तर?

आणि मास्तर, ब्रेक बसवा आधी. काकूंच्या अंगावर पाटी येईल एखाद दिवशी.

तुमची,
अक्षदा

——

।। श्री बिरोबा प्रसन्न ।।

कवठे येमाई
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

अक्षदा,

आशीर्वाद लिवायला हात उचलत न्हाई, म्हणून तसंच सुरू करतो.

तुझे हात स्वच्छ हुते. ब्रेकला तेल मी लावलं.

आता लिवलंच हाय तर सगळं लिवतो. मागल्या पत्रात पान संपलं म्हणलो ते खोटं हुतं. वही समोर पडली हुती.

दोन हजार चोवीसची खंडेनवमी. दरसाल यंत्राला हळद-कुंकू माझ्याच हातनं लागतं, तुला ठाऊक हाय. त्या वर्षी तू बापाच्या शेतातला पोतंभर झेंडू आणला हुतास. लेथला, ड्रिलला, प्रेसला माळा घातल्या, पूजा झाली, पेढे वाटले, तुम्ही सगळे घरी गेलात. मी मागं राहिलो. तपासणीच्या टेबलावर आठ ब्रेकचे जोड हुते. तू आदल्या दिशी तपासलेले, पिशवीत घालून सील केलेले. दसरा झाला की ते परदेशी जायचे.

मला वाटलं, यंत्राला देव दाखवला आन् ज्याच्या जिवावर माणसं अधांतरी लटकणार, त्याला न्हाई? आमच्यात मेंढरू बाजाराला न्यायचं तरी कपाळाला बिरोबाचा भंडारा लावत्यात. पण मालावर कुंकू लावायला साहेबांनी बंदी केलेली. आदल्या साली तिकडनं फोटो आला हुता, पांढऱ्या रंगावर हे रक्ताचे डाग कसले म्हणून. मग मी म्हणलं, दिसणार न्हाई असं लावू. आतनं.

आतनं म्हंजी कुठं, तुला सांगायला नको. जबड्याच्या आत, लायनरवर. ज्यानं चाकाला चावायचं त्याच्यावरच. भंडारा कोरडा टिकंना म्हणून बोटभर गोडंतेल घेतलं. आठही सोडायला येळ नव्हता. पैला आन् शेवटला, दोनच सोडले, आन् मधल्या साऱ्यांना लागू झालं असं देवाला सांगितलं.

याडा हुतो असं म्हणू नगस. तेल आन् ब्रेक एकत्र येत न्हाईत, हे तुला पैल्या आठवड्यात मीच शिकवलं हुतं. मला कळत हुतं. हात थांबला बी हुता. पण म्हणलं, देवाचं तेल हाय, एवढंसं हाय, त्यानं काय हुतंय! एकतीस वर्षांची अक्कल तिथं शेण खायला गेली.

दसऱ्याचा दिस कसाबसा काढला. सुट्टी संपली तसा सगळ्यांच्या आधी कंपनीत गेलो आन् थिनर मारून पुसलं. कोरडं दिसलं. पण लायनर तेल पितं. वरनं कोरडं, आत मुरलेलं, दाबून तापलं की बाहेर येतं. हे बी मला ठाऊक हुतं. साहेबाला सांगायचं, दोन लायनर बदलायचे, अर्ध्या दिसाचं काम. पण पूजेचं सांगावं लागलं असतं, बंदी मोडली म्हणून चार शब्द ऐकावे लागले असते. तेवढे चार शब्द चुकवले मी. ड्रॉवरातनं दोन नवीन सील घेऊन लावली. आन् तुझ्या रजिस्टरात तुझ्या सहीच्या वरले दोन नंबर खोडून नवे लिवले. साहेबानं फुडं तीच खाडाखोड सगळ्यांना दाखवली, की बघा, पोरीचं ध्यान नव्हतं. ते अक्षर माझं हाय, अक्षदा. कुणी नीट बघितलंच न्हाई.

डिसेंबरात तिकडनं कळवलं की ब्रेक लागला पण खुर्च्या ठरल्या जागेच्या नऊ मीटर फुडं जाऊन थांबल्या. आठातले दोनच जोड खराब. मी तवाच वळखलं कुठले दोन. साहेबानं सगळ्यांना गोळा केलं, तू मधी उभी. ते केसाचं बोलले, शेड हसलं. तू लिवतीस मी हसलो न्हाई. अगं, मी कसा हसंन! मग साहेब म्हणले, मास्तर, तुम्हाला काय वाटतं? तवा सांगता आलं असतं. तोंड उघडलं बी. आन् तोंडातनं काय निघालं, तर "पोर नवी हाय, होतं असं." तुला तो आधार वाटला. तो आधार नव्हता. मी तुझा हात धरून तुला खड्ड्यात उतरवलं.

का गप बसलो? रिटायरमेंटला आठ म्हैने उरले हुते. शाल मिळायची हुती. एवढंच. दुसरं मोठं कारण शोधून शोधून दमलो, सापडंना.

तुझं पत्र आलं त्याला नऊ दिस झालं. पैल्यांदा वाटलं, दोन ओळी लिवून द्याव्या, पोरगी कामाला लई चांगली हुती, सही, शिक्का, झालं. तू खूश, मी सुटलो. लिवली बी तशी चिठ्ठी. मग ते तेलाचं परत वाचलं. सव्वा वर्ष पोर डोक्याला तेल लावत न्हाई, माझ्या पापापायी. चिठ्ठी चुलीत घातली.

कुशाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत हुती. सगळं ऐकलं, आन् पिठाचा हात तसाच धरून म्हणली, "दुसऱ्याच्या लेकीच्या तोंडाला काळं फासलंत आन् शाल पांघरून घरी आलात व्हय?" तव्यावरली भाकरी करपली, तिनं उलटली न्हाई. त्या दिसापासनं जेवाय वाढती, बोलत न्हाई. बरोबर हाय तिचं.

मग कंपनीत गेलो. साहेबांना केबिनमधी सांगितलं. गडी पांढराफटक पडला. म्हणले, "मास्तर, प्रकरण मिटलंय. आता मी तिकडं काय कळवू? आमच्या मास्तरनं ब्रेकची पूजा केली?" मी म्हणलो, व्हय, तसंच कळवा, खरं हाय. म्हणले, तुम्ही थकलाय, घरी जा. तुझं पत्र बदलून देणार न्हाईत. निघताना चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर बसले हुते. त्यांना उभ्यानं सांगितलं. जे हसले हुते त्या सगळ्यांना. हौसरावनं बिडी पायाखाली इझवली आन् आत निघून गेला. तीस वर्षांचा दोस्त, वळून बघितलं न्हाई.

साहेब देत न्हाई तर सरकारी कागद करू म्हणून काल शिरूरला गेलो. तहसील कचेरीच्या बाहेर टायपिंगवाले बसत्यात. ही गर्दी! कुणाचा वारसाचा अर्ज, कुणाचा रस्त्याचा तंटा. माझी पाळी आली तर टायपिस्ट म्हणला, "बोला बाबा, जमिनीचं काय?" मी म्हणलो, जमिनीचं न्हाई, ब्रेकचं हाय. "कुठली गाडी? एसटी का?" मी म्हणलो, गाडी न्हाई, बर्फावरल्या पाळण्याचा ब्रेक. आजूबाजूची माणसं फिस्सकन हसली. एक म्हणला, बाबा, बर्फ शिरूरात कुठं घावला तुम्हाला!

मी सांगत गेलो, तो बोटं आपटत गेला. गडी मोठ्यानं वाचत टाइप करायचा. "मी, मल्हारी बिरदेव कोळपे, वय ५८, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की." खंडेनवमी आली, भंडारा आला, तंवर हसणं चालू हुतं. मग सील आलं, रजिस्टर आलं. "सदर खाडाखोड माझ्या हातची असून कु. अक्षदा पोपटराव बनकर यांचा त्यात कोणताही दोष नाही." तिथं हसणं थांबलं. टायपिस्टनं चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मागं मांडवगणची एक म्हातारी बसली हुती, वळखीची ना पाळखीची. ती म्हणली, "देवाचं लावलंस ते लावलंस रं, पण पोरीचं नाव का घेऊ दिलंस?" इतक्या माणसांत मला तोंड लपवायला जागा न्हाई. म्हणलो, भ्यालो, आई. ती निस्ती मान हलवत राहिली. म्हातारी तुझ्याच गावची, तवा ही बातमी तुझ्या घरी माझ्या पत्राआधी पोचंल. पोचू दे. जिथं तुझं नाव गेलं हुतं, तिथंच परत यायला पाहिजे.

वकिलापुढं सही केली, शिक्का पडला. मूळ कागद यासोबत स्पीड पोस्टानं धाडतोय. चोवीस तारखेला घेऊन जा. फाईलमधी वरच ठेव, घडी उघडून. सून सुषमानं त्याचं इंग्रजी करून तिकडल्या लिफ्टवाल्यांना बी मेल धाडलंय, पॅकिंगच्या कागदावर पत्ता हुता. त्यांनी लगोलग उलट विचारलंय, की बाकीचे सहा जोड कसे हायत? मी कळवलं, ते जिनं तपासले तिनं चांगले तपासले हुते. कंपनी माझं काय करायचं ते करू दे, मी घरीच हाय.

ब्रेक बसवला ओढ्यावर. लायनर मी हात धुवून बसवलं. कुशाबाई चार पाट्या भरून थांबवून बघत हुती, सकाळपासनं.

एक राहिलं. ते लिवायचा धीर गोळा करण्यात तीन दिस गेले, बाकीचं एका बैठकीत झालं. मुलाखतीच्या साहेबाला त्याची गरज न्हाई, म्हणून कागदावर घातलं न्हाई. ते तुझं हाय.

तुला कामावरनं काढलं त्या दिशी तू दप्तर गळ्यात घालून शेडमधी सगळ्यांना भेटत फिरलीस. सगळ्यात शेवटी माझ्या टेबलाशी आलीस. डोळे सुजले हुते. म्हणलीस, "मास्तर, तुम्ही शिकवलं आन् मी तुमचं नाव घालवलं, माफ करा." आन् माझ्या पाया पडायला वाकलीस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला, अक्षदा. म्हणलो, चूक सगळ्यांच्या हातनं हुती, पोरी, मी माफ केलं. माझी चूक, तुझ्या डोक्यावर, आन् माफ मी केलं. पाय मागं घ्यायला अर्धं पाऊल लागलं असतं. मी पाय मागं घेतले न्हाईत.

मल्हारी बिरदेव कोळपे
(मास्तर म्हणू नगस)